वही कोणाकडे राहील?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा विषयाचे बंधन घातले नव्हते. इतिहासाच्या अध्यापकाने शाळेच्या आठवणी लिहाव्यात, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या आठवणी आमचे इतर सहकारी आमच्याहून सरस लिहितील. आम्ही लिहीत आहोत ते वेल्समधील एका गावाच्या फुटबॉल क्लबाविषयी. गेली काही वर्षे वसतिगृहातील मुलांनी या क्लबाचे नाव आमच्या कानी सतत घातले आहे. त्यांना याचे नवल वाटणार नाही. पालकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी रेक्सम या गावी एका मतदानाचा निकाल जाहीर झाला. मतदार होते क्लबाच्या समर्थकांच्या ट्रस्टचे सभासद. नऊ वर्षे हा क्लब त्यांच्याच मालकीचा होता. वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक सभासदाला एक मत, मग तो दुकानदार असो की निवृत्त खाणकामगार. प्रश्न एकच होता : आपला क्लब दोन नटांच्या स्वाधीन करावा काय? बाजूने १,८०९ मते पडली, विरोधात २६, आणि ९ जण तटस्थ राहिले. शेकडा ९८ हून अधिक लोकांनी होकार दिला. वर्तमानपत्रांनी पहिला आकडा मोठ्या अक्षरांत छापला आणि ते योग्यच होते. आमचे मन मात्र त्या २६ मतांपाशी घोटाळत राहिले. ते २६ जण बरोबर होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु गरिबांच्या मालकीच्या संस्थेकडे जेव्हा मोठा पैसा चालून येतो, तेव्हा कोणीतरी विचारायलाच हवा असा एक प्रश्न असतो. आणि तो बहुधा अशा मोजक्या माणसांच्या तोंडीच राहतो.

आधी गावाविषयी. रेक्सम हे वेल्सच्या ईशान्य भागातील, इंग्लंडच्या सीमेलगतचे ठिकाण. कोळसा, पोलाद, विटा आणि मद्यनिर्मिती यांवर वाढलेले. तेथील क्रिकेट क्लबाच्या सभासदांना हिवाळ्यात खेळायला काही हवे होते, म्हणून ऑक्टोबर १८६४ मध्ये त्यांनी फुटबॉल क्लब स्थापन केला. जगातील व्यावसायिक फुटबॉल क्लबांत हा तिसरा सर्वांत जुना समजला जातो. त्यांचे मैदान रेसकोर्स या नावाने ओळखले जाते. वेल्सने मायभूमीवरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८७७ साली येथेच खेळला आणि आजही तेथे आंतरराष्ट्रीय सामने होतात. सालांचा हा हिशेब आम्ही मुद्दाम देत आहोत. आपल्याकडे संस्थेचा सुवर्णमहोत्सव झाला की आपण तिला पुरातन म्हणू लागतो!

मैदानापासून काही मैलांवर ग्रेसफर्डची कोळसा खाण होती. २२ सप्टेंबर १९३४ रोजी, शनिवारी पहाटे दोनच्या सुमारास, तेथे भूगर्भात स्फोट झाला आणि त्या दुर्घटनेत २६६ माणसे दगावली. बाहेर काढता आले ते केवळ अकरा मृतदेह. बाकीच्यांसह खाणीचा तो भाग कायमचा बंद करण्यात आला. त्या दुपारी रेसकोर्सवर ट्रॅनमिअर रोव्हर्सविरुद्ध सामना होता. तो पाहता यावा म्हणून अनेकांनी पाळ्या बदलून वा जोडून रात्रीचे काम पत्करले होते. आज ग्रेसफर्डला जे स्मारक उभे आहे, त्यात खाणीच्या तोंडावरचे जुने चाक बसवलेले आहे. शनिवारचा सामना पाहण्यासाठी रात्रपाळी करणारा कामगार ज्या गावात होता, त्या गावात क्लब म्हणजे करमणुकीचे साधन नव्हे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

हा क्लब कधीच फार बलाढ्य नव्हता. १९२१ मध्ये तो इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये आला आणि बहुतेक काळ खालच्या श्रेणींत खेळत राहिला. जानेवारी १९९२ मध्ये त्याने इंग्लंडचा विद्यमान विजेता आर्सेनल यास चषक स्पर्धेत २-१ असे हरवले. त्याच्या आदल्या हंगामात लीगच्या ९२ क्लबांत रेक्समचा क्रमांक शेवटचा होता. त्या एका दुपारवर गावाने पुढची बरीच वर्षे काढली, असे म्हटले तरी चालेल.

मग जमिनीचा प्रश्न आला. जेथे जमीन आहे तेथे तो येतोच. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मैदानाची मालकी क्लबाकडून निघून तत्कालीन मालकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि २००४ मध्ये क्लबाला स्वतःच्या मैदानातून निघून जाण्याची नोटीस मिळाली. मैदानाची जागा बांधकामासाठी हवी होती. त्याच वर्षअखेरीस कर्जबाजारी क्लब प्रशासकाच्या हाती गेला, नियमानुसार त्याचे दहा गुण कापले गेले आणि तो खालच्या श्रेणीत घसरला. पुढे न्यायालयाच्या निकालाने मैदान वाचले. पण घसरण थांबली नाही. २००८ मध्ये ८७ वर्षांनंतर रेक्सम लीगच्या बाहेर, पाचव्या श्रेणीत फेकला गेला.

ऑगस्ट २०११ मध्ये त्याहूनही कठीण वेळ आली. हंगाम सुरू होण्यापूर्वी अडीच लाख पौंडांची हमी भरा, अन्यथा तुम्हांला स्पर्धेत खेळता येणार नाही, असे बजावण्यात आले. तिजोरी रिकामी होती. लोक मैदानावर रांगा लावून पैसे घेऊन आले. एकाने घराची कागदपत्रे पुढे केली. एका दिवसात एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली आणि क्लब खेळता राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात समर्थकांचा ट्रस्ट रीतसर मालक झाला.

पुढील नऊ वर्षांचे चित्रण कोणत्याही मालिकेत फारसे येत नाही, कारण त्यांत नट नाहीत. आम्हांला मात्र ती नऊ वर्षेच या क्लबाचा खरा इतिहास वाटतात. लोक स्वखुशीने येऊन मैदानाची डागडुजी करीत. कर्ज फेडले गेले. मैदान विद्यापीठाच्या मालकीचे झाले होते. २०१६ मध्ये त्याचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा ट्रस्टने मिळवला. २०११-१२ च्या हंगामात संघाने ९८ गुण मिळवले आणि तरीही तो दुसरा आला. वरच्या श्रेणीत थेट जागा एकच असल्याने ९८ गुण वाया गेले. पाचव्या श्रेणीचे कुलूप असे आहे. प्रामाणिकपणे कारभार करून आणि वर्गणी गोळा करून संस्था जिवंत ठेवता येते. वर चढवता येतेच असे नाही. त्यातच २०२० ची महामारी आली आणि प्रेक्षकांविना मैदाने ओस पडली. ज्या क्लबाचे पोटच तिकिटांवर, त्याने काय करावे?

अशा वेळी रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी हे दोन नट पुढे आले. एक कॅनडाचा, दुसरा अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा. क्लबात वीस लाख पौंड घालण्याचे त्यांनी मान्य केले. क्लबाचे स्थलांतर, नामांतर वा रूपांतर होणार नाही, अशी ग्वाहीही त्यांच्या प्रस्तावात होती. मतदान झाले. ९ फेब्रुवारी २०२१ रोजी क्लब शंभर टक्के त्यांच्या ताब्यात गेला.

ही ग्वाही किरकोळ बाब नव्हती. त्याच वेल्समधील कार्डिफ सिटीचा रंग शतकभर निळा होता. नव्या मालकाने २०१२ मध्ये तो लाल केला, कारण बाहेरच्या बाजारपेठेत लाल रंग चालेल असे त्याचे गणित होते. अडीच वर्षे लोक निळे कपडे घालून लाल संघाचे सामने पाहत राहिले. जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आला. लंडनच्या विम्बल्डनचे तर गावच बदलले. २००२ मध्ये क्लबाला मिल्टन कीन्स येथे नेण्याची परवानगी मिळाली. तेथून पन्नासहून अधिक मैल दूर राहिलेल्या समर्थकांनी त्याच उन्हाळ्यात सार्वजनिक मैदानावर खेळाडू निवडून नवा क्लब काढला. अगदी तळातून चढत तो २०११ मध्ये लीगमध्ये आला. पुढे नव्या मैदानासाठी पैसा कमी पडला तेव्हा बाहेरचा गुंतवणूकदार घेण्याचा विषय निघाला; समर्थकांनी त्याऐवजी रोखे काढून ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम आपसांत उभी केली. नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात रेक्समने आपला क्लब दिला त्याच महिन्यात, विम्बल्डनवाले आपल्या जुन्या वस्तीतल्या नव्या मैदानावर पहिला सामना खेळले. आणि १८८५ साली स्थापन झालेला, दोनदा एफए चषक जिंकलेला बरी क्लब? तो २०१८ च्या डिसेंबरात अवघ्या एका पौंडाला विकला गेला आणि २०१९ च्या ऑगस्टात लीगमधून हद्दपार झाला.

म्हणजे नवा मालक कसाही निघू शकतो. रेक्समला तो चांगला मिळाला. येथे आमच्या घरचा एक प्रसंग सांगणे भाग आहे, कारण या साऱ्या प्रकरणाकडे आम्ही त्याच खिडकीतून पाहतो.

आमचे बालपण चंद्रपूर जिल्ह्यातील एका कोळसा खाणीच्या कॉलनीत गेले. वडील भूमिगत खाणीत कामाला होते. कॉलनीच्या मागे एक उजाड मैदान होते. तेथे कामगारांचा फुटबॉल संघ खेळे. क्रिकेटला सामान लागते. फुटबॉलला एक चेंडू पुरतो, आणि तो फाटला तर चांभारकाम जाणणारे हात कॉलनीत पुष्कळ होते. पगाराच्या दिवशी प्रत्येकाने दोन रुपये द्यायचे, असा शिरस्ता होता. बनियन निळ्या रंगात बुडवून गणवेश तयार होई. जमाखर्चाची एक लाल पुठ्ठ्याची वही होती. ती आमच्या वडिलांकडे असे आणि दर तीन महिन्यांनी कडुनिंबाखाली मोठ्याने वाचून दाखवली जाई. लिहिता न येणारी माणसेही ती लक्ष देऊन ऐकत आणि मधेच थांबवून विचारीत, ‘हवेच्या पंपाचे सहा रुपये मागल्या खेपेसही होते ना?’

आम्ही आठवीत असताना कोळसा वाहतुकीचा एक कंत्राटदार संघाला मदत करण्यास पुढे आला. त्याने अकरा जोडी बूट दिले, छापील नंबरांच्या जर्सी दिल्या, बाहेरगावच्या स्पर्धेला ट्रक दिला. तो वाईट माणूस होता असे आम्ही त्या वेळी म्हटले नसते आणि आजही म्हणणार नाही. मुलांच्या पायांत बूट पाहून त्यालाही खरोखर आनंद होत असे. पुढे त्याने संघाची सर्व जबाबदारी घेण्याची तयारी दाखवली. कडुनिंबाखाली सभा झाली. सारे खुशीत होते. दोन रुपये वाचणार होते आणि दोन रुपयांना तेव्हा किंमत होती. तेवढ्यात एक वयस्क लोडर, ज्यांना सारी कॉलनी मामा म्हणे, उभे राहिले आणि म्हणाले, ‘सारं ठीक आहे. पण वही कोणाकडे राहील?’

लोक हसले. कंत्राटदारही हसला. ‘मामा, आता वर्गणीच नाही, तर वही कशाला?’ असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे तर्काला धरूनच होते.

दुसऱ्या वर्षी संघाला त्याच्या दिवंगत वडिलांचे नाव मिळाले. संघात बाहेरून आणलेले खेळाडू आले. सामने जिंकू लागले, ढोलताशेही वाजले. चौथ्या वर्षी त्याचे कंत्राट दुसरीकडे गेले आणि तोही गेला. जाताना त्याने कोणाचे काही नेले नाही. पण दोन रुपये देण्याची सवय मोडली होती आणि हिशेब विचारण्याचीही. ज्या मैदानावर कोणाचा हक्क कागदावर नव्हता, तेथे हळूहळू ट्रक उभे राहू लागले. कोणाला हटकावे, हेच कोणास कळेना, कारण संघ आता कोणाचाच नव्हता. ती लाल वही वडिलांच्या पेटीत आम्हांस सापडली, तेव्हा तिची निम्म्याहून अधिक पाने कोरी होती.

म्हणून रेक्समचे ते २६ जण आम्हांला मामांच्या जातकुळीचे वाटतात.

पुढे काय झाले, हे वसतिगृहातील कोणतेही मूल सांगेल. २०२२ मध्ये क्लबावरची मालिका आली आणि जगभर पाहिली गेली. त्याच वर्षी मालकांनी मैदानही विकत घेतले. एप्रिल २०२३ मध्ये १११ गुणांचा विक्रम करून रेक्सम पंधरा वर्षांनी लीगमध्ये परतला. नंतर २०२४ आणि २०२५ मध्ये तो आणखी दोन पायऱ्या चढला. इंग्लंडच्या वरच्या पाच श्रेणींत लागोपाठ तीन वर्षे अशी बढती त्यापूर्वी कोणालाही मिळाली नव्हती. २०२३-२४ या वर्षात क्लबाचे उत्पन्न २ कोटी ६७ लाख पौंड झाले आणि त्यातील निम्म्याहून अधिक युरोपबाहेरून आले. ज्या रात्री पहिली बढती मिळाली, त्या रात्री मैदानात उतरलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे आम्हीही मुलांच्या फोनवर पाहिले आहेत. ते पाहून ‘१,८०९ जण चुकले’ असे म्हणण्यास दगडाचे काळीज लागेल. आमचे तसे नाही.

तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याची नजर लहानसहान खुणांवर जाते. पूर्वी खेळाडूंच्या छातीवर आयव्हर विल्यम्स या उत्तर वेल्समधील ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीचे नाव असे. २०२१ पासून तेथे टिकटॉक आले, २०२३ पासून युनायटेड एअरलाइन्स. यात गैर काही नाही. पैसा जेथे आहे तेथूनच येणार. दुसरी खूण आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅलिन कुटुंबाने क्लबात अल्पांश हिस्सा घेतला. नवा गुंतवणूकदार येत होता. पण या वेळी मतदान झाले नाही. होण्याचे कारणच नव्हते. मत देणाऱ्यांनी आपले शेवटचे मत २०२० मध्येच दिले होते. ट्रस्ट आजही आहे, समर्थकांची संघटना म्हणून काम करतो. त्याच्या नावे क्लबाचा हिस्सा मात्र नाही.

आमच्या दृष्टीने प्रश्न नटांच्या सज्जनपणाचा नाही. त्यांनी शब्द पाळला आहे. मैदान तेथेच आहे, नाव तेच आहे, जर्सी लालच आहे. परंतु सज्जनपणा हा माणसाचा गुण आहे, व्यवस्थेचा नव्हे. माणसे म्हातारी होतात, कंटाळतात, विकतात. त्यांना वारस असतात. याला दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की क्लबाच्या मतांपैकी निम्म्याहून एक मत तरी अधिक सभासदांच्या संघटनेकडे राहिले पाहिजे. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग यांसारखे अपवाद तेथेही झाले आणि त्यांवरून वाद होतात; पण पैसेवाल्याला पैसा घालण्याची मोकळीक आणि वही सभासदांपाशी, अशी ही रचना आहे. पाचव्या श्रेणीत अडकलेल्या, महामारीने ग्रासलेल्या रेक्समला अशी अट घालण्याचे बळ होते काय? आमच्या मते थोडे तरी होते. त्यांच्याकडे १८६४ हे साल होते, रेसकोर्स होते, आणि वेळ पडल्यास एका दिवसात लाख पौंड जमवू शकणारे लोक होते. मालिकेला जी कथा हवी होती ती याच लोकांची होती. या मालाच्या मोबदल्यात शेकडा दहा भाग आणि मैदानाच्या विक्रीवर नकाराधिकार मागितला असता, तर नटांनी पाठ फिरवली असती असे आम्हांला वाटत नाही. आमचे काही सहकारी यावर हसतात. ‘सर, भुकेल्याने ताटात मीठ किती हे विचारू नये,’ असे एकाने सुनावले. आम्हांला ते पटलेले नाही. भुकेल्यानेच विचारावे, पोट भरलेल्यास विचारण्याची गरज काय?

या वर्षी शाळेच्या नव्या इमारतीसाठी काही मोठ्या देणग्यांची बोलणी चालू आहेत, हे माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. देणारे आपलेच आहेत, त्यांचे मन मोठे आहे, आणि मुलींच्या वसतिगृहाचे छप्पर गळते हे आम्ही रोज पाहतो. देणगी अवश्य यावी. ज्या सभेत ती स्वीकारली जाईल, त्या सभेस आम्हीही असू, मागच्या रांगेत. वर्षाला शंभर रुपये पाठवणाऱ्या पालक-सभासदांचे मत नव्या घटनेत कोठे लिहिले आहे, एवढेच आम्हांला विचारायचे आहे. विषयपत्रिकेत त्यासाठी पाच मिनिटे ठेवावीत, असे पत्र आम्ही चिटणिसांकडे दिलेले आहे.

नववीच्या वर्गात आम्ही औद्योगिक क्रांती शिकवताना ग्रेसफर्ड आणि रेक्सम यांचा हा सारा वृत्तान्त सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने विचारले, ‘सर, त्या सव्वीस जणांनी नंतरचे सामने पाहिले असतील का?’ वर्गातील मुले एकदम बोलू लागली. काही म्हणाली, रागावून घरीच बसले असतील. ती मुलगी मात्र थोडा वेळ विचार करून स्वतःच म्हणाली, ‘पाहिलेच असतील. तिकीट काढून.’